गुरुवारी अकरा ते बारा शांतता

४ जून, बुधवार

कबूल करून टाकतो, म्हणजे मोकळं वाटेल. लिफ्टमध्ये आज जी नोटीस लागली आहे ती सेक्रेटरी काकांनी लावलेली नाही. मी लावली. 'गुरुवार दि. १२ रोजी सकाळी अकरा ते बारा इमारतीची आवाज तपासणी होणार आहे. ड्रिल, मिक्सर, शिलाई मशीन, वाद्ये व मुले बंद ठेवावीत.' खाली काकांची सही. तीही मीच ठोकली. 'मुले बंद' जरा जास्त झालं, पण नोटिशीला थोडा कडकपणा लागतोच.

कारण साधं आहे. त्या वेळेला माझा व्हिडिओ इंटरव्ह्यू आहे. कस्टमर केअरचं काम. दिवसभर लोकांशी बोलायचं. आपल्यासाठीच काढलेली पोस्ट. मेलच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या. खाली सूचनांचा पसारा आहे, तो नवख्यांसाठी.

आणि ही बिल्डिंग म्हणजे कारखाना. वर एक जण राहतो, त्याला मी ड्रिल म्हणतो. तो सुट्टी बघत नाही, भिंत बघितली की भोक. त्याची पोरगी कीबोर्ड शिकते, एकच धून, तीही अर्धी. खाली शिवणकाम करणाऱ्या मावशी, त्यांचं मशीन सकाळपासून घरघरत असतं. कंपनीवाल्यांना वाटेल मी गिरणीत राहतो.

५ जून

तयारी सुरू. सर्वात आधी आत्मविश्वास. तो आहेच. झाली तयारी.

जुनी नोकरी का सोडली, असं विचारतीलच. मोबाइलच्या दुकानात होतो. काचेतल्या सगळ्या फोनना एकाच मिनिटाचा अलार्म लावून ठेवला होता. नेमके तेव्हाच मालक कंपनीच्या बड्या साहेबांना दुकान दाखवत होते. साहेब दचकून काउंटरवर आदळले. मालकांनी मला दारापर्यंत सोडलं. इंटरव्ह्यूत हा किस्सा सांगणार. पॅनेल हसून लोळलं पाहिजे.

७ जून, दुपार

ताईचा फोन. म्हणाली, प्रॅक्टिस घेऊ का, मी साहेबीण होते, तू उत्तरं दे. मी म्हटलं, गरज नाही. मग नेहमीचं पालुपद. या वेळी जमलं नाही तर सामान बांध आणि आमच्याकडे ये, भाऊजींच्या गोडाऊनवर बसशील. खोके मोजत बसायचं म्हणजे. मी म्हटलं, माझं इथे छान चाललंय, मित्रांचं सर्कल आहे. ती म्हणाली, कोणतं सर्कल रे? मी म्हटलं, रेंज जातेय, आणि फोन ठेवला.

सर्कल आहेच. सध्या सगळे बिझी आहेत इतकंच.

८ जून

प्रॅक्टिस केली. इंटरनेटवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. बाई गोड बोलतात. तक्रार काय विचारलं. म्हटलं, तक्रार नाही, तुम्ही मला फक्त विचारा की तुमची कमजोरी काय. त्यांनी होल्डवर टाकलं. गाणं बराच वेळ ऐकलं. वाईट नव्हतं.

१० जून

कॅमेऱ्यात येईल तेवढा कोपरा आवरला. बाकी खोली कॅमेऱ्याच्या मागे ढकलली. स्टुलावर बादली उलटी, तिच्यावर लॅपटॉप. त्यात स्वतःकडे बघितलं. चांगल्या घरचा वाटतो.

जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटलो, गुरुवारी अकराला इंटरव्ह्यू आहे, मोठी कंपनी आहे. मावशी म्हणाल्या, हो का, छान. ड्रिल म्हणाला, अरे वा. सेक्रेटरी काका नुसते बघून हसले. नोटिशीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. इतकी बेमालूम झाली आहे. हसू दाबत वर आलो.

१२ जून, गुरुवार, १०.५०

बिल्डिंग चिडीचूप. मशीन बंद. वर पाऊलसुद्धा वाजत नाही. मी केवढा माणूस आहे बघा, एका कागदावर अख्खी इमारत गप्प.

फ्रीज एवढा आवाज करतो हे माहीत नव्हतं.

ती अर्धी धून आत्ता वाजली असती तरी चाललं असतं.

१२ जून, १२.१५

लिंक उघडली. हसरा चेहरा करून म्हटलं, हॅलो सर, हॅलो मॅडम. स्क्रीनवर मीच. शेजारी प्रश्न लिहिलेला, खाली वेळ उलटी पळतेय. वाटलं, त्यांचे कॅमेरे बंद असतील. फोनच्या अलार्मचा किस्सा सांगितला. साहेब काउंटरवर आदळतात तिथे हसायला जागा सोडली. वेळ संपली. पुढचा प्रश्न आला.

मग मेल पूर्ण वाचली. सूचनेत लिहिलंय, समोर कोणी नसेल, उत्तरं रेकॉर्ड होतील, नंतर तपासली जातील.

शेवटचा प्रश्न होता, ही नोकरी तुम्हाला का हवी आहे. इंग्रजीतलं उत्तर पाठ होतं. पण त्या शांततेत तोंडातून निघालं, "दिवसभर कोणीतरी बोलेल म्हणून." उरलेला वेळ कॅमेऱ्याकडे बघत बसलो. आपोआप सबमिट झालं.

१२ जून, १.००

दारावर टकटक. मावशी. हळू आवाजात म्हणाल्या, "झालं का रे तुझं? सुरू करू मशीन? शाळेचे गणवेश द्यायचेत."

मी म्हटलं, तपासणीवाले अजून आले नाहीत वाटतं.

"अरे, कसली तपासणी. काका म्हणाले, पोरानं माझी सही माझ्यापेक्षा बरी केलीय. राहू दे नोटीस, तासभर गप्प बसू. पोराचं भलं होईल."

ड्रिल पोरीला घेऊन सकाळपासून बागेत जाऊन बसलाय म्हणे.

"किती जण होते समोर?"

मी म्हटलं, तिघं. खूप हसले.

मावशींनी पाठीवर थाप मारली आणि खाली गेल्या. मशीन सुरू झालं. मी दार उघडंच ठेवलं.

१४ जून, शनिवार

मेल आली. आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली कोणाचं नावसुद्धा नाही.

जिन्यात काकांनी गाठलं. काय झालं निकालाचं? मागे ड्रिल, त्याची पोरगी, खालच्या दारात मावशी. सगळे थांबलेले. म्हटलं, लागली. ऑफिस ताईच्याच गावात आहे, महिनाअखेरीला जातोय. पोरीनं टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, बघा, आपण गप्प बसलो ते कामी आलं.

ताईला फोन केला. म्हटलं, गोडाऊनवर जागा ठेव. तिचा आवाज तुटक यायला लागला. बहुतेक रडत होती, किंवा रेंज गेली असेल.

ही डायरी कोणी वाचत नाही, मला माहीत आहे. पण चुकून वाचत असशील, तर तुझ्या पाया पडतो. समोर कोणी नव्हतं, हे या बिल्डिंगमध्ये कोणाला सांगू नकोस. मावशींना तर अजिबात नको. गणवेश त्यांना संध्याकाळच्या आत द्यायचे होते, तरी मशीन बंद ठेवून बसल्या होत्या बिचाऱ्या.