केंद्र क्रमांक चौदाचं बाक

१४ मार्च

आदरणीय विरोधी पक्ष यांस,

सप्रेम नमस्कार. यापुढे 'विनंती विशेष' लिहायची रीत आहे. माझी विनंती आहे, पण विशेष काही नाही, म्हणून तेवढं गाळतो.

अशा मायन्याबद्दल रागावू नका. खोलीत शिरताना तुम्ही "नमस्कार, विरोधी पक्ष" म्हणायचात आणि मीही तेच परत करायचो. दहा वर्षांनी लिहायला बसलो तर दुसरं काही लिहायला हात धजेना. ओळख पटावी म्हणून सांगतो, मी खाणींच्या टोकाचा चष्मेवाला. शाळेतल्या केंद्र क्रमांक चौदावर आमच्या पक्षाचा प्रतिनिधी म्हणून तुमच्या शेजारी बसायचो.

पत्राचं कारण असं, की आमच्या वाचनालयाने आपल्या जुन्या मतदारसंघाचा इतिहास लिहायचं काढलं आहे आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. अध्यक्षांचं म्हणणं, माझ्या दुकानात गिऱ्हाइकं कमी आणि गप्पा जास्त, तेव्हा वेळ मलाच असणार. बोलण्यात तथ्य असल्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

इतिहास तसा थोडका. कुणा साहेबाने नदीच्या दोन्ही काठांनी रेघा ओढल्या आणि वर आमच्या खाणींपासून खाली तुमच्या बंदरापर्यंत एकच मतदारसंघ झाला. रुंदी जेमतेम, लांबी बसने सहा तास. आमचा दादा त्याला 'बुटाची नाडी' म्हणायचा. वीस वर्षांत पाच निवडणुका, एक पोटनिवडणूक, तीन खासदार. मग सरकारने मधोमध कात्री लावली. वरचा अर्धा एकीकडे गेला, खालचा दुसरीकडे.

एक गोष्ट मात्र पुस्तकात घालणार आहे. प्रतिनिधीला त्याच्या स्वतःच्या गावच्या केंद्रावर बसवायचं नाही, हा आपल्या दोन्ही पक्षांचा शिरस्ता होता. दिवसभर शेजाऱ्यापाजाऱ्यांवर हरकती घेतल्या तर दुसऱ्या दिवशी दारात कोण उभं करील? म्हणून मी वरून आणि तुम्ही खालून, तीन-तीन तासांची बस धरून मधल्या शाळेत यायचो. असा शहाणपणा दोन्ही पक्षांनी मिळून केल्याचं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता माहिती. त्या खोलीची भिंत कोणत्या रंगाची होती? मला हिरवी आठवते, दादा पिवळी म्हणतो. तो तिथे कधी आलाच नाही, पण मत द्यायची सवय जात नाही. बोटाला शाई लावून घेताना "निकाल आजच सांगा, परत हेलपाटा नको" म्हणणारे आजोबा कितव्या निवडणुकीपर्यंत येत होते? आणि पहिल्या वेळी आईच्या कडेवर आलेली मुलगी शेवटच्या वेळी स्वतःचं मूल कडेवर घेऊन मत द्यायला आली, तेव्हा तुम्ही तिच्या नावापुढे खूण करायची विसरलात. आठवतं का?

उत्तर सवडीने द्या. घाई मुळीच नाही.

आपला,
चष्मेवाला


२३ मार्च

बाई,

वरचं पत्र मी टाकलं नाही. नऊ दिवस ते दुकानात चष्म्यांच्या खणात पडून होतं. तेही सोबत ठेवतो, म्हणजे सरळ माणूस किती वाकडं लिहू शकतो ते तुम्हाला दिसेल. त्यातली कुठलीही माहिती मला नको आहे. भिंत हिरवीच होती.

यादीतल्या नावाखाली रेघ मारायला मी दर वेळी तुमची पट्टी मागायचो. "परत विसरलात?" म्हणून तुम्ही ती सरकवायचात. माझी पट्टी कोटाच्या आतल्या खिशात असायची, सहाही वेळा.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. तिसऱ्या निवडणुकीनंतर दोन वर्षांनी आपले खासदार वारले. ते तुमच्या पक्षाचे, पण माणूस भला, आमच्या खाणीतल्या अपघातानंतर सगळ्यांच्या आधी पोचलेला. रेडिओवर बातमी लागली तेव्हा मी दुकानात काच पुसत होतो. पहिला विचार आला तो हा, की आता पोटनिवडणूक होणार आणि ती तीन वर्षं आधी होणार. मला आनंद झाला, बाई. दादा समोर बसून हळहळत होता आणि मी मान खाली घालून तीच काच पुन्हा पुन्हा पुसत होतो. त्यांच्या घरी सांत्वनाचं पत्र मीच लिहिलं. इतकं खोटं पत्र मी दुसरं लिहिलेलं नाही, वरचं सोडलं तर.

त्या पोटनिवडणुकीच्या दिवशी दुपारी खोलीत कुणी मतदार नव्हता. केंद्राध्यक्ष पेंगत होते. तुम्ही पट्टी सरकवलीत आणि विचारलंत, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

मी म्हणालो, "दादा आणि मी."

तुम्ही म्हणालात, "मी एकटीच असते."

यावर मी काय केलं असेल? कागद घेतला आणि तोवर झालेल्या मतदानाची टक्केवारी काढून तुम्हाला दाखवली. एकेचाळीस. तुम्ही "बरं" म्हणालात. त्यानंतरच्या दोन्ही निवडणुकांत तुम्ही मला काही विचारलं नाहीत.

दादा पक्षाचा चिटणीस, त्याला काय वाटेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. दादा तापट आहे, पण इतका वाईट कधीच नव्हता. मीच भित्रा होतो. वीस वर्षांत सहा दिवस मिळाले आणि ते मी आकडेमोडीत घालवले.

मतदारसंघ मोडायचा ठरला तेव्हा लोकांकडून हरकती मागवल्या होत्या. मी अर्ज केला. कारणाच्या रकान्यात 'नदीखोऱ्याचं ऐतिहासिक ऐक्य' असं ठोकून दिलं. नदीशी माझं काय सोयरसुतक? हरकत फेटाळली गेली आणि मी गप्प बसलो.

गेल्या गुरुवारी इतिहासाच्या निमित्ताने जुन्या कागदांच्या कचेरीत गेलो. कारकुनाने हरकतींची फाईल समोर ठेवली. एवढ्या लांब मतदारसंघातून हरकती फक्त अकरा. बहुतेक रस्त्यांच्या नाहीतर बसथांब्याच्या. नववी माझी. पान उलटत गेलो आणि अकरावी वाचायच्या आधीच अक्षर ओळखलं.

तुम्ही बंदरावरच्या, दोरखंडाच्या कारखान्यात हजेरी लिहिणाऱ्या. ही मोड तुमच्या पक्षाला हवी होती, बंदराची जागा त्यांना आयती मिळणार होती. तरी तुम्ही पक्षाविरुद्ध जाऊन सहीनिशी अर्ज दिलात. कारणाच्या रकान्यात लिहिलंत, 'वीस वर्षं एकाच माणसाला विरोध केला. आता मला दुसरा नको.'

खाली कुणीतरी लाल शाईने शेरा मारला आहे, 'कारण ग्राह्य नाही.'

मी तिथेच खुर्चीत बसून राहिलो. कारकुनाने पाणी आणून दिलं. आठ वर्षं ते वाक्य त्या फाईलीत होतं, आणि मी इकडे दुनियेला स्पष्ट दिसावं म्हणून काचा घासत होतो. मला तुमची फार आठवण येते. हे लिहायला मला दोन पत्रं आणि इतकी वर्षं लागली.

पत्ता त्याच अर्जावरून घेतला आहे. तुम्ही अजून तिथे आहात का, एकट्याच आहात का, मला ठाऊक नाही. आठ वर्षांपूर्वीच्या वाक्याला आज तुम्ही बांधील नाही, हेही समजतं. दादाला हल्ली फारसं दिसत नाही, पण कागदाची करकर ऐकू येते. आत्ताच त्याने विचारलं, कुणाला लिहितोस. म्हटलं, विरोधी पक्षाला. तो म्हणाला, "मग स्पष्ट लिही."

तर स्पष्ट लिहितो. काल मी शाळेत जाऊन आलो. आपलं बाक आता चित्रकलेच्या वर्गात आहे. रंगाचे डाग पडलेत, पण चारही पाय धड आहेत. शिपाई ओळखीचा निघाला, रविवारी खोली उघडून देतो म्हणाला. सहा एप्रिलला रविवार आहे. त्या दिवशी मतदान कुठलंच नाही. मी पहिल्या बसने येईन आणि आपल्या वेळेप्रमाणे पाच वाजेपर्यंत बसेन. पट्टी या वेळी खरंच घरी ठेवणार आहे, तेव्हा तुमची मागावी लागेल.

राहता राहिली तुमची हरकत. ती चुकीच्या कचेरीत गेली होती, त्यामुळे निकालाला उशीर झाला. कारण ग्राह्य आहे. हरकत मान्य.

तुमचाच,
विरोधी पक्ष