मंजुळाची वाळवीची वही

७ जुलै १९९०, शनिवार

मिळाली! पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मिळाली! दोन वर्षं पितांबर गुरुजींच्या मागे लागले होते. मुख्याध्यापक म्हणून माणूस चांगला, पण सरकारी पुस्तक म्हटलं की त्यांचा जीव वरखाली होतो. पोरं फाडतील, हरवतील, तपासणीला मी काय दाखवू — हेच पालुपद. शेवटी अट घातलीच. वरचे दोन कप्पे मुलांना. खालच्या कप्प्यातले दोरीने बांधलेले कोरे गठ्ठे तपासणीसाठी, त्यांना हात लावायचा नाही. आणि तपासणीत एक पुस्तक जरी कमी निघालं तर पुन्हा कुलूप. कायमचं.

चालेल! शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचा तास चौथीचा. ज्याने त्याने आपल्या मनातला प्रश्न घ्यायचा. पुस्तकात शोधायचं, माणसांना विचारायचं, वहीत लिहायचं. मी मध्ये बोलायचं नाही. हे मला कितपत जमेल, देव जाणे.

१४ जुलै

नाहीच जमलं. भटूचा प्रश्न — रेल्वेचे रूळ उन्हात वाकत का नाहीत? वा! आणि मंजुळाचा? वाळवी! “अगं, ग्रह-तारे घे, केवढं रंगीत पुस्तक आहे,” मी म्हणून गेले. तिची मान खाली. मग हळूच — “बाई, आमना घरनी चौकट वाळवी खाई गयी.”

लाज वाटली. वाळवीच घे म्हटलं.

२१ जुलै

मंजुळाने सहा पानं भरली! पुस्तकात वाळवीवर चारच ओळी. बाकी सगळं झिपरू आबांना, म्हणजे तिच्या आजोबांना, विचारून. शिवाय स्वतःचा प्रयोग. परसात वर्तमानपत्राच्या दोन घड्या ठेवल्या. एक रोज उचलून झटकायची, दुसरीला हातच लावायचा नाही. दुसरीची चाळण झाली! खाली लिहिलंय — ‘वाळवीला उजेड आवडत नाही. जिथं कोणी हात लावत नाही तिथं ती राहते.’

मी डीएड करूनही असं काही केलं नव्हतं.

२६ जुलै, गुरुवार

मधल्या सुट्टीत मंजुळा धावत आली. “बाई, कपाटना मांगे मातीनी रेघ शे!”

कपाटामागे खरंच वाळवीची रेघ! गुरुजींना दाखवली तर हसले. म्हणाले, डांबरगोळ्या टाकल्यात, कुलूप आहे. तरी त्यांनी खालच्या कप्प्यातला गठ्ठा उचलला. वरून कोरा करकरीत. दोरी सोडली तर आत नुसती माती! अकरा पुस्तकं. वरच्या कप्प्यांतलं एकही नाही.

“बठ्ठी खाई गयी,” मंजुळा पुटपुटली. खरंच, सगळीच. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं — बघा, घ्या जपून! पण गुरुजींचं तोंड बघवेना. स्टुलावर बसून राहिले. म्हणाले, “साहेबांना काय सांगू? पोरांनी हरवली म्हणून...”

तसं सांगितलं तर संपलंच सगळं.

२ ऑगस्ट

उद्या तपासणी. गुरुजींनी किल्ली परत मागितली. दिली.

३ ऑगस्ट, शुक्रवार

साहेबांनी पुस्तकं मोजली. “अकरा कमी. पोरांनी हरवली असतील. तसं लिहून द्या.” इतकं सोपं! गुरुजींनी फक्त मान हलवायची होती. मी पदराचं टोक पिळत उभी.

“नाही साहेब,” गुरुजी म्हणाले. “पोरांनी वापरलेलं एकही गेलं नाही. मी जपून ठेवलेली गेली.” आणि मंजुळाची वही त्यांच्यापुढे ठेवली. साहेबांनी उभ्याउभ्या वाचायला घेतली, मग खुर्ची ओढली. मंजुळाला विचारलं, घड्या किती दिवस ठेवल्या होत्या? “पाच,” ती ताठ मानेने म्हणाली. तरी जाताना गुरुजींना लेखी समज देऊन गेलेच. बत्तीस वर्षांच्या नोकरीतली पहिली!

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. किल्लीचं विचारायचा धीर झाला नाही.

४ ऑगस्ट, शनिवार

कपाटाला दारंच नाहीत! गुरुजींनी पहाटे येऊन दोन्ही दारं बिजागऱ्यांतून काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मी नुसती बघत राहिले. “असं काय बघता, लताबाई?” म्हणाले. “वाळवीला उजेड आवडत नाही. मंजुळाने लिहिलंय.”