म्हैस ओढ्यापाशी थांबली आहे

प्रिय दिव्या,

तू चौथीत असताना गावी, निघोज्याच्या बांधावर, पप्पा तुला म्हणाले होते, "म्हशीला हुडकत न्हाई फिरायचं, पोरी. उभं ऱ्हायचं अन् हाक मारायची." त्या एका वाक्यावर तू मोठेपणी अख्खा कॉम्प्युटर गेम रचलास. कंपन्या यायच्या आधीचं गाव, चुकलेली म्हैस, आणि बांधावरून हाक देणारा माणूस.

तुझा लॅपटॉप मी कपाटातून काढला आहे. रागावू नकोस. खालच्या मजल्यावरची वर्षाली गेम बनवायला शिकवते, तिला दाखवला. ती म्हणाली, गेमची फाइल बिघडली आहे, पण पार गेलेली नाही; आधीची एक प्रत सॉफ्टवेअरनं आपणहून ठेवलेली असते. फाइल आतून नुसत्या ओळींची असते हे मला कुठे माहीत होतं? अर्ध्यापासून पुढे सगळा कचरा झाला होता. जुनी प्रत शेजारी ठेवून मी तुकडे जोडत गेले. वर्षाली चिडवायची, "काकू, फाइल दुरुस्त करताय की गोधडी शिवताय?" विहीर आली, बाभळी आल्या. गेममधले पप्पा आले ते नखशिखांत भडक गुलाबी, दोन्ही हात पसरून. रंगाची फाइल सापडली नाही की असंच दिसतं म्हणे. मी हसले, मग स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. तो लावलेलाच नव्हता.

बंगळुरूला थंडी पडली का? तुझी नवी नोकरी कसली हे आत्या विचारतात, मी "कॉम्प्युटरची" एवढंच सांगते. गेमचं नाव तू काढत नाहीस, म्हणून मीही फोनवर काढत नाही.

तो गुरुवार मी पुष्कळदा आठवते. पप्पांना सुट्टी गुरुवारची, म्हणून आवाज घ्यायचा तो गुरुवारीच. आणि कंपन्या बंद असतात म्हणून लाइटच्या दुरुस्तीची कामंही गुरुवारीच निघतात, हे आपल्या तिघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सकाळी निघोज्याला जाऊन तुम्ही तुझ्या फोनमध्ये हाका भरून आणल्या. दर वेळी मागून ट्रकचा हॉर्न यायचा आणि तू म्हणायचीस, "पुन्हा, पप्पा, अजून मोठ्यानं!" दुपारी घरी तू तो आवाज गेममध्ये बसवलास, सेव्ह करत होतीस आणि लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी तर कधीचीच मेलेली. तू रडवेली झालीस. पप्पा आतून बसक्या आवाजात म्हणाले, "जाऊ दे गं, पुढच्या गुरुवारी परत वरडतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टलाच ते कोसळले.

दहाव्याच्या दिवशी घाटावर तू आत्यांना म्हणालीस, "मीच त्यांना एवढं ओरडायला लावलं." मला ऐकू गेलं नाही असं तुला वाटलं. त्यांच्या हृदयाच्या नसा कित्येक वर्षांपासून तुंबत आल्या होत्या, हे डॉक्टरांनी सांगितलं, मीही सांगून थकले. आज वेगळं सांगते. त्या गुरुवारी संध्याकाळी पप्पा दूध आणायला खाली गेले ते तासभर वर आले नाहीत. वॉचमन, इस्त्रीवाला, जो भेटेल त्याला गळ्याला हात लावून सांगत होते, "घसा बसलाय राव, पोरीच्या गेममध्ये काम करतोय!" इतका खूश झालेला माणूस मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

आता गेम चालतो, दिव्या. पप्पांचा निळा शर्टही परत आला. ते बांधावर उभे राहतात, तोंड उघडतात, आणि आवाज येत नाही. म्हैस ओढ्यापाशी थांबून राहते. हाक ऐकल्याशिवाय हलायचं नाही, असं तूच तिला शिकवलंस. वर्षाली म्हणाली, दुसऱ्या कुणाचा आवाज घालू. मी नको म्हटलं. त्या हाका फक्त तुझ्या फोनमध्ये आहेत, आणि तू त्या पुसल्या नसणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. लॅपटॉपला मी नवी बॅटरी बसवून घेतली आहे, लाइट गेली तरी चालेल. तू नाहीच म्हणशील, तरीही मागते. त्या हाका मला पाठव, न कापता, मधला तुझा "पुन्हा, पप्पा" तसाच राहू देऊन.

तुझीच,
आई