माझा शनिवार तुम्ही धरलात

बाई, आज सकाळी ड्युटी संपवून येताना विद्यापीठाच्या रस्त्यावर एक पोरगी कडेला डोकं धरून बसलेली दिसली. भरतीची तयारी करणाऱ्या पोरी रोज तिथं पळतात, त्यातलीच एक. गाडी थांबवून विचारलं, तर म्हणते, "काही न्हाई मॅडम, उपवास हाय." मला असा राग आला की काय सांगू. पर्समधला राजगिऱ्याचा लाडू तिच्या हातात कोंबला आणि समोर उभी राहून खायला लावला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण रागावले की अजून तुमचाच आवाज निघतो माझ्या तोंडून.

तुम्ही परभणीहून पॅसेंजरने पिंगळीला यायचात आणि आम्हाला विज्ञान शिकवायचात. बाकीच्या शाळांत स्नायूंचा धडा फळ्यावर झाला असेल, आमचा भिंतीला झाला. खाली खुर्ची नाही, पाठ भिंतीला टेकवायची आणि खुर्चीवर बसल्यासारखं बसून राहायचं. आमच्या मांड्या थरथरतायत, आग होतेय, आणि तुम्ही निवांत विचारताय, "सांगा, आता मांडीत काय चालू हाय?" मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, जीव जायलाय." तुम्ही हसलात आणि तसंच बसवून शिकवलंत. स्नायूच्या पेशीत तयार शक्ती असते ती टोपल्यातल्या दोन भाकरींएवढी, लगेच संपते. मग पेशी साठवलेली साखर मोडायला घेते, ते डब्यातलं पीठ. श्वासातला ऑक्सिजन पुरला तर त्या पिठाच्या पुष्कळ भाकरी होतात. जोरात पळताना तो पुरत नाही, मग साखर अर्धवटच मोडते, शक्ती झटकन मिळते पण थोडी, आणि पाय भरून येतात. चरबी म्हणजे कणगीतली ज्वारी, भरपूर, पण दळून आणेपर्यंत वेळ जातो. दुसऱ्या दिवशी आम्हाला खाली बसलं की उठता येत नव्हतं, आणि धडा मात्र पक्का झाला होता.

बारावीनंतर मी पोलीस भरतीला उभी राहिले. घरात स्पष्ट सांगून झालं होतं, यंदा झाली तर झाली, नाहीतर लग्न लावायचं आणि येत्या हंगामाला नवऱ्यासोबत ऊसतोडीला धाडायचं. आई माझ्या बाजूची, म्हणूनच तिने पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलला, की भरती होईपर्यंत पोरगी दर शनिवारी पाणीसुद्धा न घेता उपवास धरील. मी रोज पळायची आणि शनिवारी कोरडी राहायची. रविवारी तुम्ही मुद्दाम माझ्यासाठी गावात येऊन, घड्याळ लावून आठशे मीटर पळवायचात, आणि दर रविवारी शेवटच्या वळणावर मी खलास. तुम्हाला वाटलं, पोरगी कामचुकार. लय बोललात. मग एकदाचं विचारलंत, "काल काय खाल्लीस?" आणि मी खरं सांगितलं.

तुम्ही तशाच घरी आलात. एकादशीला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर पोळी-भाजी खाणाऱ्या तुम्ही, आता आईला देवावरून सुनावणार म्हणून मी दारातच थिजले. तुम्ही चुलीजवळ बसलात, चहा घेतलात आणि म्हणालात, "ताई, रोज पळून तिच्या पायातला साठा रिकामा व्हायलाय. खाल्लं तरच भरतो तो."

"नवस मोडला अन् काही इपरीत झालं म्हंजे?" आई म्हणाली. "मीच धरते तिच्या जागी."

"तुमी दिवसभर रानात वाकून खुरपता. तुमच्या पायातल्या पेशी काय निराळ्या हायत का?"

आईने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तिच्या पायांचा विचार आजवर कोणी केला नव्हता, मीही नाही. मग तुम्ही हळूच विचारलंत, "घरातल्या कोणी धरला तर चालतो ना? मग मला घरातली समजा."

मला वाटलं, आईची समजूत काढायला बोलल्या असतील. पण शाळेतल्या शिपाई मावशी सांगायच्या, शनिवारी बाई चहाचा कप तसाच परत पाठवतात. ज्या देवाला तुम्ही कधी हात जोडले नाहीत, त्याच्यासाठी तहानलेल्या राहून वर्ग घेत होतात. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मैदानी चाचणी आली तीही नेमकी शनिवारी. आईने मला दूध-भाकर आणि गूळ पोटभर चारला. तुम्ही फाटकाबाहेर उन्हात उभ्या. मी पळून आले, ठरलेल्या वेळेच्या आत आले, तेव्हा सुकलेल्या ओठांनी तुम्ही पहिलं काय विचारलंत, तर "शेवटाला कशावर पळालीस?" मी म्हणाले, "साखरेवर, बाई." तुम्ही अशा खूश झालात की माझी निवड झाल्यावरही भेटेल त्याला तेच सांगत सुटलात.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते माझ्याकडेच राहील, म्हणून सांगून टाकते. त्या शेवटच्या वळणावर माझे पाय पुरते संपले होते. पोटात भाकर होती, गूळ होता, सगळं होतं, तरी संपले होते. तेव्हा फाटकाबाहेर माझ्यापायी पाण्यावाचून उभ्या असलेल्या तुम्ही आठवलात, आणि मी पळाले. ते बळ पेशीत कुठून येतं हे तुम्ही शिकवलंच नव्हतं, आणि बाई, तुमचा धडा अपुरा आहे असं तुमच्या तोंडावर म्हणायची माझी हिंमत झाली नाही.