पुढचं दार

मालमड्डी, धारवाड
मंगळवार, ता. ११ ऑक्टोबर १९३८

चि. सौ. सुलभास अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर पाहून दचकली असशील. पाच वर्षांनी लिहितो आहे. पत्ता शेजारच्या अंबूताईंकडून घेतला. माझी प्रकृती बरी आहे. दम लागतो, पण स्टेशनापर्यंतचा फेरा रोज होतो. दसरा होऊन आठ दिवस झाले. सोनं द्यायला शाळेतले दोघे मास्तर आले होते. ओसरीवरच बसले आणि गेले.

लिहायचं कारण असं, की घराची थोडी दुरुस्ती काढली आहे. सोबत नकाशा जोडला आहे. तीस वर्षं मुलांना ड्रॉइंग शिकवलं, पण स्वतःच्या घराचा नकाशा आत्ता पहिल्यांदा काढला. स्वयंपाकघराला पूर्वेकडे खिडकी ठेवली आहे. तुझी आई किती वर्षं मागत होती, आठवत असेल तुला. धुरानं तिचे डोळे सदा लाल. मी म्हणायचो, भिंत कमजोर होईल. मारुती गवंड्यानं भिंतीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "हिला काय होतंय मास्तर? दोन खिडक्या काढा."

माजघराच्या मागची अडगळीची खोली मोठी करायची आहे. तुझ्या पुस्तकांची पेटी अजून तिथंच आहे. वाळवी लागू नये म्हणून विटांवर ठेवली आहे.

आणखी एक बदल आहे. पुढचं दार बुजवून न्हाणीघराच्या बाजूनं नवं काढावं, असा बेत होता. रस्त्याची धूळ फार येते, हे मी मारुतीला सांगितलेलं कारण. त्यानं दार हलवून पाहिलं. अस्सल सागवान, चौकटीला कुठं कीड नाही. "ब्याड्री, नको मास्तर," म्हणाला, "असलं दार बुजवू नका." मग मी त्याला वास्तुशास्त्र सांगितलं. तुला माहीत आहे, माझा त्यावर कधी विश्वास नव्हता.

खरं म्हणजे वर्षभर मी त्या दारानं जा-ये केलेलीच नाही. परसातून बाहेर पडतो आणि बोळातून वळसा घालून रस्त्याला लागतो. कोणी आलं तर ओसरीच्या बाजूला जाऊन बोलतो. घरात माणूस एकच, त्याला कुठलंही दार चालतं. सकाळी भात टाकतो, तोच दोन वेळा होतो. परवा शेजारच्या मांजराशी बराच वेळ बोललो. मग आपलाच आवाज ऐकून गप्प झालो.

शुक्रवारी मारुतीनं दाराची फळी बिजागरीवरून उतरवली आणि विटा आणून रचल्या. तेवढ्यात अंबूताई कुंपणापलीकडून आल्या. डोक्यावरचा पदर सावरत उभ्याच राहिल्या.

"मास्तर, दार बुजवताय?"

"हो."

"मग सुलभा आली तर कुठनं येणार?"

"ती यायची नाही."

"तुम्ही बोलावलंत काय तिला?"

मी विटांकडं वळलो. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी माझ्या घरात बसून ती तुमच्या ह्या दाराकडं बघत होती. दोन दिवस बघत होती. तुम्ही विटा लावल्या म्हणून ते जाणार काय?" आणि माझ्याकडं न बघता निघून गेल्या. मी मारुतीला म्हटलं, आज काम राहू दे.

सुलभा, त्या दिवसाचं तुला अर्धंच माहीत आहे. तू बाहेर होतीस. आत काय झालं ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

अंबूताईंची तार पोचून तू सकाळच्या गाडीनं आलीस, कडेवर मूल होतं. तू कडी वाजवलीस आणि "अण्णा" म्हणून हाक मारलीस. मी कडीवर हात ठेवून आत उभा होतो. विधवा मुलीनं पुन्हा लग्न केलं म्हणून मी घर बंद केलं होतं, आणि आता उघडलं तर लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. तुझी आई माजघरात तापानं पडली होती. तिनं विचारलं, "कोण आलंय?"

मी म्हणालो, "कोणी नाही. भाजीवाली आहे."

ती दाराच्या बाजूला कुशीवर वळली. मग म्हणाली, "ऊन फार आहे हो. भाजीवालीला पाणी तरी द्या."

तिनं तुझा आवाज ओळखला होता. मी तेही दिलं नाही. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

माझ्याकडून हे झालं. तापात तिला कळलं नसेल, असं मी वर्षभर स्वतःला समजावत होतो. तिला सगळं कळलं होतं.

काल मारुतीला बोलावून फळी परत बसवून घेतली. खिडकीचं काम आज सुरू झालं. भिंतीला भगदाड पडल्यावर चुलीपाशी ऊन आलं आणि मला तिथं उभं राहवेना.

येत्या सोमवारी तिला वर्ष होतं. भटजींना मी स्पष्ट सांगितलं, की माझी मुलगी आणि जावई आले तर घरात बसतील आणि जेवतील. तुम्हाला चालत असेल तर या. ते पंचांग मिटवून उठले. येतील असं वाटत नाही. न आले तर पाटापुढं तिचं पान वाढून मीच हात जोडीन.

तू ये असं कोणत्या तोंडानं म्हणू? म्हणून शनिवारी सकाळच्या गाडीनं मी बेळगावला येतो. तुझ्या घरी थांबायचा हक्क मला नाही. स्टेशनापासून चालत येईन, दारात उभा राहीन. तू बाहेर आली नाहीस तर संध्याकाळच्या गाडीनं परत फिरेन आणि तुला काही बोल लावणार नाही.

चि. वादिराज यांना माझे आशीर्वाद सांग. त्यांचं नाव मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. बाळ मुलगी आहे एवढं अंबूताईंनी सांगितलं. नाव मी विचारलं नाही. ते त्यांच्याकडून ऐकायची लाज वाटली. तू सांगशील तर ऐकेन.

तुला दारात उभं ठेवणारा,
शंकर