मधली काच

भिसेगाव, कर्जत
१५ सप्टेंबर १९७४

प्रिय तय्यबा,

तुझं पत्र येऊन आज अकरा दिवस झाले. तुझा मुनाफ गेल्याचं मला त्याआधीच कळलं होतं. तुझ्या जाऊबाईंचा भाऊ बाजारात भेटला, त्यानं सांगितलं. मी हातातली पिशवी तिथंच एका दुकानाच्या पायरीवर टेकवली आणि बसले. तीन वर्षांचं पोर गं. मागच्या वर्षी तू त्याला घेऊन माहेरी आली होतीस, तेव्हा त्यानं आमच्या शाळेची घंटा वाजवायचा हट्ट धरला. मी त्याला कडेवर उचलून वाजवू दिली. भलत्याच वेळी घंटा झाली म्हणून दुसरीची मुलं दप्तरं घेऊन पळत सुटली, आणि तो टाळ्या वाजवत हसत राहिला. अजून मुलं मला विचारतात, बाई, तो घंटावाला कधी येणार? मी त्यांना काही सांगितलेलं नाही.

दोनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं. सांत्वनाचं पत्र कसं लिहायचं ते मी चौथीला फळ्यावर शिकवते, पण तुझ्यासाठी त्यातला एक शब्द उपयोगाचा वाटेना. तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, तिच्यापाशी मी अडले आहे. तिच्याकडे येण्याआधी मला बारा वर्षं मागं जावं लागेल. कंटाळा आला तरी शेवटपर्यंत वाच.

तुमच्या ओटीवरची ती मोठी टाकी तुला आठवते, हे मी विचारायला नको. बोटीवरची नोकरी सोडून तुझे अब्बा, माझे चाचा, घरी आले ते माशांचं वेड घेऊन. लोखंडी पट्ट्यांत काचा बसवून, पुट्टी भरून त्यांनी स्वतः टाक्या केल्या. पण मासे खरे तुझे होते. डास होऊ नयेत म्हणून विहिरीत सोडलेले साधे गप्पी मासे तू ओंजळीत धरून आणलेस. त्यातल्या एका नराच्या शेपटीवर निळा ठिपका होता. त्याची पिल्लं, त्या पिल्लांची पिल्लं, असं निवडत निवडत तीन वर्षांत तू आख्खी निळी शेपटी काढलीस. वहीत तारखा लिहायचीस. मला सगळे मासे सारखे दिसायचे, तुला प्रत्येक वेगळा ओळखू यायचा. मुंबईचा एक मासेवाला पावसाळ्यानंतर येऊन बघणार होता. त्याचं पत्र तू मला चार वेळा वाचून दाखवलं होतंस.

त्याच उन्हाळ्यात चाचांच्या बोटीवरच्या दोस्तानं परदेशी माशांची ती जोडी आणून दिली. सिक्लिड. काळसर अंग, त्यावर चमकते ठिपके, आणि कुणी काचेजवळ गेलं की कल्ले फुगवून अंगावर यायचे. मेच्या उन्हानं तुझ्या छोट्या टाकीची पुट्टी तडकली, पाणी गळायला लागलं, म्हणून चाचांनी मोठ्या टाकीत मधोमध काच उभी केली. अलीकडे तुझे साठ-सत्तर गप्पी, पलीकडे ती जोडी. चार दिवसांचीच सोय होती. तू म्हणालीस, "त्यांनी अंडी घातलीत गं, आता ते कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत."

मग खालापूरचं लग्न निघालं. शुक्रवारी निघण्याआधी टाकी साफ करून मधली काच तू परत बसवलीस, मग तुम्ही सगळे गेलात आणि किल्ली माझ्याकडे दिलीत. तू मला दोनदा बजावलंस, "चिमूटभर खाणं टाक, बाकी कशाला हात लावू नको." शनिवारी दुपारी मी खाणं टाकायला गेले, तर तुझी एक गाभण मादी मधली काच आणि बाजूची भिंत यांच्या फटीत अडकली होती. तडफडत होती. मला वाटलं, मरेल, आणि तू म्हणशील मैनानं बघितलं नाही. मी बाही वर करून मधली काच थोडी उचलली. मादी सुटली. काच परत खाली बसवताना तळातल्या वाळूत ती तिरपी रुतली. मी दाबली, बसेना. तेवढ्यात आईनं हाक मारली. खाली दोन बोटांची फट होती. मला ती दिसली होती, तय्यबा. मी मनाशी म्हटलं, एवढ्यानं काय होतंय, उद्या सकाळी बघू.

सकाळी अलीकडच्या बाजूला काहीच हलत नव्हतं. तळाशी फाटलेल्या शेपट्या पडल्या होत्या, आणि ती जोडी टाकीभर फिरत होती. काच सरळ करायलाही माझा हात धजला नाही. कुलूप लावून मी घरी गेले आणि चुलीपुढे बसून राहिले.

दुपारी तुम्ही आलात. चाचा ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "जाताना काच नीट बसवली हुतीस का नाय?" तू आपल्या हातांकडे बघत म्हणालीस, "बसवली होती, वाटतं." चाचा म्हणाले, "वाटतं? लग्नाच्या नादात तुझं ध्यान नव्हतं. तुझ्याकडं जीव सांभाळायला द्यायचा म्हंजे कठीण हाय." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ही परकी पोर, पण सांगितलेलं तेवढं बरोब्बर केलंन." नंतर परसात तू मला विचारलंस, "मैना, तू आलीस तेव्हा काच कशी होती गं?" मी म्हटलं, "मी नीट बघितलं नाय गं."

का खोटं बोलले, तेही सांगते. मला पुण्याला ट्रेनिंगला जायचं होतं आणि आमचे दादा आपल्या लेकीला पाठवायला तयार नव्हते. सगळ्या भिसेगावात त्यांना बोलू शकणारे एकटे तुझे वडील होते. त्याच आठवड्यात ते येऊन म्हणणार होते, "नागू, पोर हुशार हाय, तिला अडवू नको." चाचा रागावले असते तर माझं शिक्षण तिथंच संपलं असतं, असं मला वाटलं. ते आले, बोलले, आणि मी पुण्याला गेले. आज मी मास्तरीण आहे ती त्या बोलण्यामुळं. चाचांनी ती जोडी माथेरानच्या एका हॉटेलला देऊन टाकली. तू वही चुलीत घातलीस आणि पुन्हा टाकीला हात लावला नाहीस. मुंबईच्या माणसाला येऊ नका म्हणून पत्र मीच लिहिलं, तुझ्या सांगण्यावरून. तेव्हाही बोलले नाही. तुझ्या लग्नात बोलले नाही. चाचांच्या आजारपणात त्यांच्या उशाशी बसले होते, तेव्हा ते माझ्या शाळेचं कौतुक करत होते, आणि मी ऐकत राहिले.

आता तुझी ती ओळ. तू लिहिलंस, "ताप चढला त्या दिवशीच न्यायला हवं होतं, मी म्हटलं उद्या बघू. मी पहिल्यापासून निष्काळजीच गं मैना, अब्बा तेव्हाच बोलले होते, त्या माशांच्या वेळी." हे वाचलं आणि मला कळलं, की तू ते बारा वर्षं उराशी धरून बसली आहेस. एक दिवस आधी नेलं असतं तर मुनाफ राहिला असता का, हे मला माहीत नाही, आणि तुझं दुःख हलकं करायला मी पुन्हा खोटं बोलणार नाही. पण काच तू नीट बसवली होतीस. "उद्या बघू" तेव्हा मी म्हटलं होतं, तू नाही. निष्काळजी मी होते, आणि त्याहून वाईट म्हणजे गप्प राहिले. येत्या रविवारी सकाळच्या एस. टी. नं मी खालापूरला येते आहे. हेच सगळं तुझ्या सासूबाईंसमोर आणि तुझ्या नवऱ्यासमोर, खलीलभाऊंसमोर, तोंडानं सांगणार आहे, कारण त्या घरातही तुला कुणी तसं म्हणत असेल, अशी मला भीती वाटते. त्यानंतर तू मला आत बसायला सांग, नाहीतर दारातूनच परत पाठव. दुपारी दोनला परतीची गाडी आहे, तोवर मी स्टँडवर बसून राहीन.

तू म्हणशील तर तुझीच,
मैना