मरणाचा भुंगेरा आणि ठणठणीत सासरे

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सहाच अंगं टेकली, उरलेली दोन मनातून). तुझे गुडघे आणि तुझा आवाज, दोन्ही खणखणीत असतील अशी आशा. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. हे मुद्दाम लिहितोय, कारण गेल्या आठवड्यात त्यावरून घरात वाद होता.

तुला माहीतच आहे, ग्रंथालयात मी किड्यामुंग्यांवरची जुनी पुस्तकं हाताने उतरवून काढतो. सध्या अंधारात राहणाऱ्या काळ्या भुंगेऱ्यांवर आलोय. ते जुने ग्रंथकार किडा बघायचे कमी आणि त्याला घाबरायचे जास्त. एकाने लिहिलंय, हा भुंगेरा डिवचला की डोक्यावर उभा राहतो आणि ढुंगणातून घाण वास सोडतो (हे खरं आहे, ग्रंथालयाच्या तळघरात मी स्वतः डिवचून पाहिलं, शर्ट अजून घराबाहेर आहे). पुढे म्हणतो, 'हा ज्याला घरात दिसेल तो सात दिवसांत मरेल.' मी उतरवलेलं ते पान घरी आणलं, सासऱ्यांनी वाचलं आणि त्याच दिवशी त्यांना पिठाच्या डब्यामागे भुंगेरा दिसला (बहुधा माझ्याच पिशवीतून आलेला).

सासरे निवृत्त मुख्याध्यापक. माझ्या अक्षरावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विश्वास ठेवला, अंथरूण धरलं आणि मन हलकं करायला घेतलं. सासूबाईंना सांगितलं, "तुझं गाणं मला कधीच आवडलं नाही." शेजारच्या शिंप्याला बोलावून, त्याची मांजर आपणच लांबच्या बाजारात सोडली हे कबूल केलं. मला म्हणाले, "जावईबापू, हिच्यासाठी एक दंतवैद्यही सांगून आला होता. अजून हळहळ वाटते." बायको रडत होती (कशासाठी, ते विचारायचं धाडस झालं नाही).

तिसऱ्या दिवशी मला पुस्तकाचं पुढचं पान सापडलं. त्यात दुसरा ग्रंथकार म्हणतो, 'माझ्या तळघरात चाळीस वर्षं हे किडे आहेत. मेला तो फक्त आधीचा लेखक.' धावत घरी आलो. पण सासऱ्यांनी माझा हात धरला नि म्हणाले, "बाळा, दंतवैद्याने माझे पाय चेपले नसते." बारा वर्षांत पहिल्यांदा 'बाळा'! पान खिशातच राहिलं.

आठव्या सकाळी त्यांना कडकडून भूक लागली, तेव्हा खिशातलं ते पान काढून दिलं. आता सासूबाई दिवसभर गातात, शिंपी दारातून हलत नाही आणि सासरे पुन्हा मला 'अहो' म्हणतात.

तुझा,
भाचा

ता. क. तुझी मागची खोली मोकळी आहे ना? सासऱ्यांना महिनाभर ठेवून घे. तू कुणाचं ऐकून घेत नाहीस, त्यांना तेच मानवेल.

दुसरा ता. क. विचारायला उशीरच झाला. हे पत्र तेच घेऊन येताहेत. पाकीट फोडलेलं दिसलं, तर त्यांच्या देखत मोठ्याने म्हण, की हा पोरगा लहानपणापासून तारखांत कच्चा; पान आठव्याच दिवशी सापडलं असणार.